उलटी प्रदक्षिणा

सदाशिवराव राहुकाळ पाळायचे. मंगळवारी तीनला दोन मिनिटं कमी असताना हातातला पाना खाली ठेवायचे आणि साडेचार वाजेपर्यंत त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. तंजावूरच्या पॉलिटेक्निकात बत्तीस वर्षं त्यांनी पोरांना मीटरची आणि यंत्रांची वायरिंग शिकवली. विजेचे सगळे नियम तोंडपाठ, पण राहूचा नियमही त्यांच्या लेखी त्याच रांगेतला. पोरं मागे हसायची. हसोत बापडी, त्यांच्या प्रयोगशाळेत कधी फ्यूज उडाला नाही हेही तितकंच खरं.

सगळ्यात मोठ्याने हसायचा तो त्यांचा धाकटा भाऊ भरद्वाज. हा जहाजावर इंजिनीअर होता. परदेशी बंदरांत हिंडताना कुठेतरी त्याने घरी विमान बांधणारी माणसं पाहिली आणि झालं, डोक्यात किडा शिरला. एक्याण्णवनंतर बाहेरून माल आणायची दारं किलकिली झाली, तशी त्याने नोकरी सोडली, नकाशांचं बाड विकत आणलं आणि तिरुवैयारुच्या रस्त्यावर बंद पडलेली एक भाताची गिरण भाड्याने घेतली. गिरणीत विमान! सगळ्या नातलगांनी कपाळाला हात लावला. सदाशिवरावांनीही लावला, आणि दुसऱ्या दिवसापासून मोपेडवर बसून भावाच्या मदतीला जायला लागले. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं, आणि जगात त्यांचं म्हणून जे काही होतं ते हा भाऊ, त्याची बायको कृष्णवेणी आणि त्यांची मुलगी वर्षा.

सहा वर्षांत अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं, दोन माणसं बसतील असं विमान उभं राहिलं. भरद्वाज थट्टेखोर असला तरी कामाला चोख. प्रत्येक कामाची नोंद वहीत व्हायची, आणि प्रत्येक ओळीपुढे दोन सह्या, एक करणाऱ्याची आणि दुसरी तपासणाऱ्याची. दिवसाचं काम संपलं की तो विमानाभोवती एक फेरी मारायचा. बसायच्या जागेपासून निघून डावा हात पत्र्यावरून फिरवत शेपटीकडे, तिथून पलीकडच्या पंखाकडे, मग नाकाकडून परत. कुठे शंका आली की थांबायचा आणि बोटातल्या अंगठीने पत्र्यावर दोनदा वाजवायचा. टक, टक. मग तिथलं काम दुसऱ्या दिवशी पहिलं.

ही फेरी उलटी व्हायची. देवाला आपण उजवी घालतो, हा डावी घालायचा. कृष्णवेणीला ते बघवायचं नाही.

"असं उलटं कशाला फिरतां? उलटं कोणासाठी फिरतात, ठाऊक आहे नव्हें?"

"पुस्तकांत असंच लिहिलं आहे," भरद्वाज म्हणायचा. "विमानाला काय कळतें, आम्ही देवळांत आहोंत कीं स्मशानांत."

आता मंगळवारची गोष्ट सांगायलाच हवी. अठ्ठ्याण्णवच्या मार्चातला मंगळवार. दोघे भाऊ शेपटीत हात घालून बसले होते. विमान वर-खाली नेणारं शेपटीचं पान एका दांड्याने हलतं, तो दांडा एका बोल्टवर बसतो, बोल्टला नट लागतो, आणि नट सुटू नये म्हणून त्यातून एक स्प्लिट पिन ओवून तिचे पाय वाकवायचे. पिन केसात खोवायच्या आकड्याएवढी, पण ती नसली तर इंजिनाच्या थरथरीने नट हळूहळू सुटतो, आणि आकाशात तो सुटला तर पुढचं सांगायला कोणी उरत नाही.

नट बसला. पिन भरद्वाजच्या तळहातावर होती. सदाशिवरावांनी घड्याळ बघितलं आणि पाना खाली ठेवला.

"राहुकाळ लागला. साडेचारनंतर घालूं."

"अण्णा, दीड तासांत राहू काय नट खाणार आहे? अर्ध्या मिनिटाचं काम. घालूं दे."

"साडेचारनंतर म्हणट्लें नव्हें? एकदां म्हणट्लें कीं झालं."

थोरल्याचा शब्द. भरद्वाज हसला, पिन खिशात टाकली, उठून शेपटीच्या डाव्या बाजूला अंगठीने दोनदा वाजवलं, "विसरूं नका," म्हणाला आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली दगडी बाकावर फिल्टर कॉफीचा, म्हणजे त्यांच्या कापीचा, टंब्लर घेऊन बसला. सदाशिवराव आत तारा गुंडाळत होते. सव्वाचारला बाहेर आले तेव्हा टंब्लर भरलेलाच होता, वर साय धरली होती, आणि भरद्वाज बाकाला टेकून डोळे मिटून बसला होता. हृदय बंद पडलं होतं. वय वर्षं एक्कावन्न.

त्या दिवशी कोणाला कशाची आठवण राहणार! पिन त्याच्या सदऱ्याच्या खिशातच होती, आणि सदरा रीतीप्रमाणे कोणाला तरी देऊन टाकला गेला. शेपटीचं झाकण मागून कोणीतरी सहा स्क्रू आवळून बंद केलं. त्या मंगळवारच्या ओळीपुढे दोन्ही रकाने कोरे राहिले. पुढच्या वर्षी परवानगीसाठी वही पाठवायची वेळ आली, तेव्हा सदाशिवरावांना ते पान बघवेना. मान फिरवून, न वाचता, त्यांनी दोन्ही रकान्यांत स्वतःची सही ठोकली. उभ्या आयुष्यात न तपासता केलेली ही एकच सही. आणि आपण भावाला थांबवलं होतं, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, कृष्णवेणीला तर नाहीच.

*

दोन हजार साली एप्रिलात विमान जवळजवळ तयार होतं. तपासनीस येऊन इंजिन आणि कागद बघून गेला होता. वर्षा मद्रासच्या फ्लाइंग क्लबात उडायला शिकली होती. वडिलांचं विमान पहिल्यांदा मीच नेणार हा तिचा हट्ट. ठरलं असं, की बुधवारी तीन मेला पहाटे लॉरी येणार, पंख सोडवून विमान एका साखर कारखान्याच्या धावपट्टीवर जाणार, आणि शुक्रवारी वर्षा ते उडवणार. राहिलं होतं एकच काम, आणि ते सदाशिवरावांचं. जीपीएस.

भरद्वाजने सत्त्याण्णवमध्ये सिंगापूरहून मागवलेलं ते यंत्र, तळहातात मावेल एवढं. आकाशातले उपग्रह ऐकतं आणि आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत ते आकड्यांत सांगतं. त्याच्या मनात ते वैमानिकासमोरच्या फळीला जोडायचं होतं, म्हणजे वैमानिकाला मान खाली न घालता एका ओळीत आकडे दिसतील आणि शेजारी एक काटा सांगेल, ठरल्या जागेपासून डावीकडे सरकलास की उजवीकडे. यंत्राच्या पाठीला चार टाचण्यांचं तोंड होतं. एक विजेची, एक जमिनीची म्हणजे अर्थिंगची, एक आकडे बाहेर पडायची, एक आत जायची. सदाशिवरावांनी जोडणी केली तर फळीवर नुसती चिन्हांची खिचडी. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, की यंत्र सावकाश बोलत होतं आणि यंत्र आणि फळी यांच्यामध्ये त्यांनी बनवून बसवलेली पेटी दुप्पट घाईने ऐकत होती. पेटीची घाई कमी केली आणि आकडे सुरळीत आले. सदाशिवराव स्वतःवरच खूश झाले.

ही खुशी एक दिवस टिकली.

कौलाखाली उपग्रह नीट ऐकू येत नाहीत, म्हणून रोज सकाळी ते आणि कृष्णवेणी विमान ढकलत भात वाळवायच्या सिमेंटच्या अंगणात आणायचे. चाकांच्या खुणा खडूने केलेल्या होत्या, त्यावर ते नाक उत्तरेला करून उभं राहायचं. हलायचं काही कारणच नाही. आणि काटा हलायचा. सावकाश डावीकडे जायचा, थांबायचा, उजवीकडे यायचा. आकडेही बदलायचे. भर उन्हात, वारा पडलेला, पाखरू नाही, आणि चाकांना दगड लावून उभं असलेलं विमान त्या आकड्यांच्या मते कुठेतरी चाललेलं असायचं.

कृष्णवेणी कापीचा टंब्लर डवऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, घेऊन उभी होती.

"भावजी, हा कांटा थांबत कां नाही?"

"चूक आहे. मुद्दाम घातलेली चूक," सदाशिवराव मास्तरकीच्या सुरात म्हणाले. "उपग्रह अमेरिकेच्या लष्कराचे. त्यांच्या सैन्याला बरोबर जागा सांगतात, बाकी जगाला शंभर मीटर इकडे-तिकडे फिरवतात. शत्रूला उपयोग होऊं नये म्हणून."

कृष्णवेणीने काट्याकडे बघितलं, मग अंगणाकडे.

"आमच्या अंगणाचं अमेरिकेला काय पडलंय?"

मास्तर असला की पुरावा लागतो, म्हणून त्यांनी आलेखाचा कागद आणला. दर मिनिटाला आकडे वाचायचे आणि ठिपका द्यायचा. शेवटचा आकडा एकाने बदलला की जमिनीवर दोन पावलं, कागदावर एक बारीक चौकोन. संध्याकाळी ठिपके जोडले. रेघ अंगणातून निघाली होती, विहिरीपलीकडे गेली होती, रस्ता ओलांडून वळली होती आणि परत आली होती. दुसऱ्या दिवशी निराळी, पण निघून परत येणारीच. तिसऱ्या दिवशी त्यांना एक गोष्ट दिसली आणि ती बघितली नसती तर बरं झालं असतं असं वाटलं. रेघ कशीही गेली, तरी वळायची नेहमी एकाच हाताने. डावीकडून शेपटीकडे, तिथून उजवीकडे, मग नाकाकडून परत. उलटी.

योगायोग, त्यांनी स्वतःला सांगितलं. तीन दिवसांच्या ठिपक्यांवरून कोणी सिद्धांत मांडत नाही. त्याच दुपारी शेपटीच्या पत्र्यातून आवाज आला. टक, टक. सदाशिवरावांनी पेन्सिल खाली ठेवली. मग आठवलं, की ऊन तापलं की पत्रा ताणतो आणि वाजतो. भांड्यांच्या दुकानातली भांडीसुद्धा वाजतात. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर होतं, आणि तरी ते त्या दुपारी शेपटीकडे फिरकले नाहीत. का फिरकले नाहीत हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. तो वहीच्या त्या पानासारखाच न बघण्याचा प्रकार होता.

कृष्णवेणी मात्र रोज येऊन कागद बघायची. ती शिकलेली बाई, शाळेत हिशेब शिकवून निवृत्त झालेली, तिला खुळी म्हणायची सोय नव्हती. ठिपके आणि त्यांच्याभोवती वळणारी रेघ म्हणजे तिला दारातलं कोलम, ठिपक्यांची रांगोळी, वाचण्यासारखंच. रेघ कुठे चुकली ते तिला लांबून कळायचं.

"हे तेच आहेत," ती एका सकाळी शांतपणे म्हणाली. "अशीच फेरी मारायचे. काय तरी राहिलं असलं कीं फिरत राहायचे, जेवायला हाक मारली तरी यायचे नाहीत. भावजी, काय राहिलं आहे?"

"कांहीं नाही राहिलं. वहींत सगळ्या सह्या आहेत."

हे बोलताना सदाशिवरावांची जीभ किंचित अडखळली. तिला कळलं की नाही, कोण जाणे.

"मग थांबत कां नाहीत? हे बघा, मी पोरीला आजवर 'नको' म्हणट्लें नाही. एक नवऱ्याचं विमान, एक पोर, दोन्ही माझीच. पण हा कांटा थांबल्याशिवाय मी तिला ह्यांत बसूं देणार नाही."

"वेणी, तो कधीच थांबणार नाही! अमेरिका थांबवील तेव्हां थांबेल!"

"मग अमेरिकेला सांगा," ती म्हणाली आणि टंब्लर उचलून गेली.

सदाशिवराव कपाळावर हात मारून बसले. पोरगी जन्माचं स्वप्न घेऊन येणार, लॉरी ठरलेली, परवानगी हातात, आणि घोडं अडलं होतं ते एका काट्यापाशी. जीपीएस न जोडताच विमान पाठवावं असंही मनात आलं. पण मग सहा वर्षं भावाने ज्या फळीवर जागा मोकळी सोडली होती ती तशीच बोडकी राहणार. आणि खरं सांगायचं तर, यंत्र बंद करायला त्यांचा हात धजत नव्हता. दोन वर्षांनी कोणीतरी त्या अंगणात फिरत होतं. चूक तर चूक, ते फिरणं त्यांना हवंसं वाटू लागलं होतं.

*

दोन मे, मंगळवार. सकाळी नऊ वाजता यंत्र चालू केलं तेव्हा काटा नेहमीसारखा हिंडत होता. सदाशिवराव ठिपके देत होते. साडेनऊच्या पुढे कधीतरी रेघ वळली आणि विमानाकडे यायला लागली. सरळ, कुठे न रेंगाळता, बाहेर गेलेला माणूस घराकडे वळावा तशी. दहाला दहा कमी असताना काटा मध्यावर आला आणि उभा राहिला.

त्यांना वाटलं तार सुटली. टाचण्या तपासल्या, पेटी उघडली, वीज मोजली. सगळं ठीक. आकडे येत होते, पण आता शेवटचाच काय तो अधूनमधून हलत होता, एक-दोनने.

कृष्णवेणी आली आणि काट्यासमोर उभी राहिली.

"थांबले," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, पण चेहरा इतका मोकळा दोन वर्षांत झाला नव्हता. "भावजी, थांबले. आतां पोरीला जाऊं द्या. माझं कांहीं म्हणणं नाही."

सदाशिवरावांनी मान डोलावली. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. अंगणात कमालीची शांतता होती, आणि ती शांतता कोणीतरी निघून गेल्यासारखी नव्हती, कोणीतरी अगदी जवळ येऊन उभं राहिल्यासारखी होती.

बस पकडून वर्षा दोन वाजता पोचली. पाठीला पिशवी, हातात छापलेला कागद, फाटकातूनच ओरडत आली.

"काका! ऐकलंत कां? सकाळी वाटेंत ब्राउझिंग सेंटरमधे वाचलें. अमेरिकेनं ती चूक काढून टाकली! रात्रीं जाहीर केलें, आज सकाळी आमच्या वेळेला साडेनऊच्या सुमारास बंद. आतां कोणालाही दहा मीटरच्या आंत जागा कळणार!"

सदाशिवराव हसले. हसता हसता खुर्चीत बसले. म्हणजे वेणीने सांगितलं होतं आणि अमेरिकेने ऐकलं होतं! सगळं कसं स्वच्छ झालं. माय-लेकी कडुलिंबाखालच्या बाकाकडे गेल्या, डबे उघडले, वर्षाचा हसण्याचा आवाज येत राहिला. पोरीचा आवाज अगदी बापाचा.

सवयीने त्यांनी सकाळपासूनचे ठिपके जोडायला घेतले. काटा थांबला तरी ते दर मिनिटाला नोंद करत राहिले होते. मास्तरांचा हात तो. आता ठिपके सगळे पाच-सहा चौकोनांत गोळा झालेले. वर्षा म्हणाली ते बरोबर, दहा मीटरच्या आत. त्यांनी पेन्सिल एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर नेली, तिसऱ्यावर नेली, आणि पेन्सिल वळायला लागली.

डावीकडून. शेपटीकडे.

त्यांनी ट्रेसिंगचा कागद काढला, त्याच मापात विमान काढलं, साडेसहा मीटर लांब, नऊ मीटर पंख, आणि ठिपक्यांवर ठेवलं. दोनदा सरकवून नीट बसवलं. रेघ कुठेही विमानाच्या अंगावरून गेली नव्हती. पंखाच्या टोकाला वळसा घालून, नाकाला वळसा घालून, माणूस हातभर अंतरावरून चालेल तशी ती भोवतीने गेली होती. एकदा नव्हे. दहाला दहा कमी असल्यापासून दुपारपर्यंत अठरा वेळा. आणि अठराही वेळा ती एकाच जागी थांबली होती. तिथे ठिपक्यांवर ठिपके पडून कागद काळा झाला होता. शेपटीच्या डाव्या बाजूला.

आता चूक कोणाची म्हणायची? अमेरिकेने तर आपली चूक परत घेतली होती.

तो थांबला नव्हता. इतके दिवस त्याला लांबून फिरावं लागत होतं, आज वाट मोकळी झाली आणि तो जवळ आला होता. आणि वेणीने पोरीला 'जा' म्हणून सांगितलं होतं.

सदाशिवराव उठले. हत्यारांच्या पेटीतून पाना, पक्कड आणि स्प्लिट पिनांची डबी घेतली आणि शेपटीपाशी गुडघे टेकले. सवयीने नजर मनगटाकडे गेली. तीन वाजून सात मिनिटं. मंगळवार. राहुकाळ.

साठ वर्षांत त्यांनी या वेळेला सुईसुद्धा ओवली नव्हती. क्षणभर, खरंच क्षणभर, जुन्या खोडीने मनात आलं की साडेचारनंतर बघू. पाठीमागे कडुलिंबाखाली पोरगी हसली. त्यांना स्वतःची इतकी शिसारी आली, की पहिला स्क्रू त्यांनी जवळजवळ उपसूनच काढला.

सहावा स्क्रू निघाला, झाकण उघडलं. आत जाळी, धूळ, आणि बोल्ट. बोल्टला पिन नव्हती. ज्या भोकात पिन असायची त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. इंजिनाच्या चाचण्यांच्या थरथरीने नट बोल्टच्या पार टोकाला आला होता, शेवटच्या आट्यावर. त्यांनी दोन बोटं लावली. पाना लागलाच नाही. नट त्यांच्या तळहातावर पडला.

तो नट मुठीत धरून सदाशिवराव तोंड दाबून लहान मुलासारखे रडले. डबे उचलून आत चाललेल्या कृष्णवेणीने ते ऐकलं आणि ती धावत आली.

"काय झालें? आणि हें काय, राहुकाळांत पाना हातांत?"

"वेणी, ह्यांत त्याला पिन घालायची होती," त्यांनी मूठ उघडून दाखवली. "त्या दिवशीं. पिन हातांत होती त्याच्या. अर्ध्या मिनिटाचं काम. मी थांबवलें. साडेचारनंतर म्हणट्लें. आणि मग न बघतां सही केली. दोन्हीकडे."

कृष्णवेणीने नटाकडे बघितलं, उघड्या झाकणाकडे बघितलं. मग मान वळवून बाकावर पाय हलवत बसलेल्या पोरीकडे बघितलं. ती मटकन खाली बसली. सदाशिवरावांना वाटलं आता ही बोलेल, आणि जे बोलेल ते आपल्याला जन्मभर पुरेल. दोन वर्षं ते याच शब्दांना घाबरून होते.

ती बोलली, पण आवाज चढला नाही.

"अगोदर घाला ती. माझ्यासमोर घाला."

त्यांनी नट चढवला, आवळला, पिन ओवली, पक्कडीने तिचे दोन्ही पाय वाकवले. कृष्णवेणीने वाकून स्वतः बोट लावून बघितलं. मग वही मागवली. सदाशिवरावांनी त्या मंगळवारच्या दोन्ही सह्या खोडल्या, खाली नवी ओळ लिहिली, तारीख घातली, वेळ घातली, तीन पंचवीस, आणि पहिल्या रकान्यात सही केली. दुसऱ्या रकान्यात कृष्णवेणीने केली. नियमाप्रमाणे तिला अधिकार नव्हता. कोणी विचारलंच तर सदाशिवराव उत्तर देणार होते.

"पोरीला कांहीं सांगूं नका," ती उठताना म्हणाली. "शुक्रवारनंतर मी सांगेन. आणि भावजी, तुमच्यावर मी रागावलें आहे. पुष्कळ. पण तेंही शुक्रवारनंतर."

ती कापी करायला आत गेली. सदाशिवरावांनी एकेक स्क्रू आवळून झाकण लावलं आणि पुन्हा फळीसमोर जाऊन बसले. काटा बघायचं धैर्य होईना, म्हणून नुसते आकडे वाचून ठिपके देत राहिले. तीन सदतीसपर्यंत ठिपके शेपटीशी होते. मग निघाले. या वेळी वळले नाहीत. सरळ अंगण ओलांडून गेले, आठ चौकोन, म्हणजे सोळा पावलं, आणि थांबले. त्यानंतर दर मिनिटाला तेच आकडे. शेवटचासुद्धा हलेना. एकाच ठिपक्यावर पेन्सिल टेकवून टेकवून कागदाला भोक पडलं.

सोळा पावलांवर काय आहे हे मोजायची त्यांना गरज नव्हती. त्यांनी मान वर केली.

कडुलिंबाखाली दगडी बाक होता. वर्षा उठून विहिरीवर हात धुवायला गेली होती. कृष्णवेणीने कापी आणून बाकावर ठेवली होती, आणि जुन्या सवयीने टंब्लर मोजण्यात चुकली होती. माणसं तीन, टंब्लर चार.

सदाशिवरावांनी यंत्र बंद केलं. घड्याळात साडेचार वाजत होते. ते सावकाश चालत बाकापाशी गेले, आपला टंब्लर उचलला आणि अगदी कडेला बसले, शेजारी एका माणसाची जागा सोडून.